ॲपच्या जमान्यात जुनी वितरण पेढी: पहिल्या सहा महिन्यांचं काम

तालुक्याच्या बाजारपेठेत तीस-चाळीस वर्षं साबण, तेल, बिस्किटं, चहापत्ती पोचवणाऱ्या पेढीचं गणित सरळ होतं. कंपनीचा माल उचलायचा, सेल्समनने आठवड्यातून एकदा दुकानात जाऊन ऑर्डर घ्यायची, दुसऱ्या दिवशी टेम्पो, पुढच्या फेरीला वसुली. हे गणित हलायला लागलं २०१६ पासून. त्या वर्षी यूपीआय आलं आणि दुकानदारांना घाऊक माल विकणारं उडानही सुरू झालं. २०१९ च्या अखेरीस जिओमार्टने नवी मुंबई, ठाणे आणि कल्याणमध्ये पहिलं पाऊल टाकलं. मेट्रो कॅश अँड कॅरीचा भारतातला घाऊक व्यवसाय २०२३ मध्ये रिलायन्सकडे गेला. दुकानदाराला तुमच्याच मालाचा दुसरा भाव मोबाईलवर दिसायला लागला, आणि काही मालावर तो तुमच्या खरेदीपेक्षाही खाली होता. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या वितरकांनी काही कंपन्यांचा ठरावीक माल उचलायचं थांबवलं, त्याचं मूळ या भावफरकातच होतं.

अशा पेढीत नव्याने बसणाऱ्यांसाठी हा लेख आहे: शिक्षण संपवून गादीवर आलेला मुलगा, हिशेब हातात घेतलेली मुलगी किंवा सून, बाहेरून नेमलेला व्यवस्थापक. उदाहरणासाठी एक पेढी समोर ठेवू. सुमारे ८०० दुकानं, ४ सेल्समन, ६ कंपन्यांचा माल, २ छोटे हत्ती (लहान टेम्पो), वर्षाला साडेचार-पाच कोटींची उलाढाल. तुमची पेढी याच्या दुप्पट असली तरी कामांचा क्रम बदलत नाही.

बहुतेक ठिकाणी सुरुवात ऑर्डर घेणारं ॲप विकत घेण्यापासून होते, आणि पैसे तिथेच वाया जातात. खाली मालाची यादी गोंधळलेली, उधारी डोक्यात आणि गोडाऊनचा साठा अंदाजाने, अशी स्थिती असेल तर ॲप तो गोंधळच वेगाने दुकानदारापर्यंत पोचवतं. दुकानदाराने रात्री अकरा वाजता ऑर्डर टाकली, सकाळी कळलं की दहापैकी चार माल नाहीत, तर तो तिसऱ्यांदा तुमचं ॲप उघडणार नाही. म्हणून आधी यादी, उधारी आणि साठा. ॲप त्यानंतर.

पहिलं काम: दोन आठवडे फक्त मोजा

प्रत्येक सेल्समनला एक छोटी वही द्या. दुकानदाराने जो माल घेतला नाही किंवा दुसरीकडून घेतला, त्याची एक ओळ लिहायची: दुकान, माल, कारण. कारणं पाचच ठेवा: भाव, आपल्याकडे माल नव्हता, पोचायला उशीर, स्कीम मिळाली नाही, उधारी थांबवलेली. नोंद दुकानाच्या पायरीवरच झाली पाहिजे. संध्याकाळी पेढीवर येऊन आठवून लिहिलं की सगळ्या ओळींपुढे ‘भाव’ येतं, कारण भावाचा दोष सेल्समनकडे येत नाही.

बारा कामाच्या दिवसांनी ओळी मोजा. ‘ॲपवाले भावात मारतात’ हे पेढीवर रोज ऐकू येतं, आणि ते खोटंही नाही; पण ‘माल नव्हता’ आणि ‘उशीर’ या दोन रकान्यांची बेरीज बघून गादीवरचे लोक गप्प होतात. भाव कमी करणं तुमच्या हातात फारसं नाही, तो कंपनी ठरवते. माल असणं आणि वेळेवर पोचणं मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

त्याच दोन आठवड्यांत एक बिल पोचवायला किती खर्च येतो ते काढा. जुन्या पेढ्यांमध्ये हा आकडा सहसा कोणीच काढलेला नसतो. उदाहरणातली पेढी घ्या. सेल्समनचा पगार १८,००० आणि पेट्रोल ३,०००, मिळून महिना २१,०००. महिन्याचे कामाचे दिवस २६. रोज ३५ दुकानं फिरून २० ठिकाणी बिल निघतं. म्हणजे एका बिलामागे सेल्समनचे ४० रुपये. टेम्पो, चालक, हमाल आणि डिझेल मिळून दिवसाला २,२०० रुपये, पोचवणी ४० दुकानांत. एका बिलामागे ५५. दोन्ही मिळून ९५ रुपये. सरासरी बिल १,८०० रुपयांचं आणि पेढीचा नफा साडेचार टक्के, म्हणजे ८१ रुपये. १४ दिवसांची उधारी वर्षाला १२ टक्क्यांनी धरली तर आणखी ८ रुपये गेले. ८१ मिळवायला १०३ खर्च. गोडाऊनचं भाडं आणि कारकून यात अजून धरलेलाच नाही.

हाच हिशेब उलटा केला की कळतं, निदान २,३५० रुपयांचं बिल झालं तरच ती फेरी स्वतःचा खर्च काढते. आता तुमच्या मागच्या तीन महिन्यांच्या बिलांतून २,३५० च्या खालची बिलं वेगळी काढा. किती दुकानं सतत त्याखाली आहेत, हे दिसलं की पुढचे निर्णय आपोआप सुचतात. अशी दुकानं तोडायची नाहीत. त्यांची ऑर्डर फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर घ्यायची, सेल्समन आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा पाठवायचा, आणि पोचवणी त्या रस्त्याने टेम्पो जाईल त्या दिवशीच करायची. सेल्समनचे ४० रुपये वाचले की तेच बिल १,४०० रुपयांनाही परवडतं.

दुसरं काम: मालाची यादी

कंटाळवाणं काम आहे, पण सगळं याच्यावर उभं आहे. संगणकातली यादी एक्सेलमध्ये काढून नावाच्या क्रमाने लावा आणि एखादा रोजचा माल शोधा. १०० मिलीचं खोबरेल तेल घ्या. एका ठिकाणी ‘खोबरेल १००’, दुसरीकडे ‘को. ऑइल १०० एमएल’, तिसरीकडे कंपनीचं नाव आधी आणि आकार नंतर, चौथीकडे ‘१०० मिली नवीन’. ही चौथी नोंद तीन वर्षांपूर्वी एमआरपी वाढली तेव्हा घाईत केलेली. दोन नोंदींवर थोडा थोडा साठा दाखवतो, दोन नोंदींवर वजा आकडा आहे, एकीचा कराचा दर चुकीचा आहे. प्रत्यक्ष रॅकवर तेलाच्या ११ पेट्या उभ्या असताना बिल करणाऱ्याला ‘साठा संपला’ दिसतं, कारण तो पहिलीच नोंद उघडतो. वहीतल्या ‘माल नव्हता’ या रकान्यातल्या अनेक ओळी अशा जन्मतात.

नाव लिहिण्याची एकच पद्धत ठरवा: कंपनी, माल, प्रकार, आकार. उदाहरणार्थ कंपनीचं नाव, मग ‘खोबरेल तेल’, मग ‘बाटली’, मग ‘१०० मिली’. एमआरपी नावात कधीही घालू नका; ती बॅचला लावा. जुन्या आणि नव्या एमआरपीचा माल एकाच वेळी गोडाऊनमध्ये असतोच, आणि नावातच किंमत असली की दर वाढीला नवी नोंद तयार होते.

प्रत्येक मालापुढे पाच गोष्टी हव्यात. बारकोड: भारतातल्या कंपन्यांचा बहुतेक ८९० ने सुरू होणारा १३ आकडी असतो, तो टाइप करू नका, स्कॅनरनेच घ्या, कारण एक आकडा चुकला तरी माल सापडत नाही. एचएसएन क्रमांक, म्हणजे कर ठरवायला मालाच्या वर्गाला दिलेला क्रमांक, आणि कराचा दर. एका पेटीत किती नग, एका लडीत किती पुड्या. टिकण्याची मुदत. आणि गोडाऊनमधली जागा, उदाहरणार्थ ‘ब-३-२’: ब रांग, तिसरा रॅक, दुसरा कप्पा.

पेटी आणि नगाचं नातं इथे सगळ्यांत जास्त घोळ करतं. कंपनी पेटीतले नग २४ वरून ३० करते, खोक्यावर बारीक अक्षरात छापते, आणि यादीत मात्र २४ च राहतात. त्यानंतर दर पेटीमागे ६ नग हिशेबात कमी दिसतात, महिनाअखेरीला साठा ‘वाढलेला’ निघतो आणि सगळे चोर शोधतात. नवी खेप उतरली की प्रत्येक मालाची एक पेटी उघडून मोजायची सवय लावा.

एचएसएन नीट असण्याचा फायदा २२ सप्टेंबर २०२५ ला सगळ्यांना दिसला. त्या दिवशी जीएसटीचे दर बदलले: अंगाचा साबण, केसांचं तेल, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली, कपडे धुण्याची पावडर १८ वरच राहिली. ज्यांच्या यादीत अंगाचा साबण ३४०१ आणि कपड्यांची पावडर ३४०२ असे वेगळे होते, त्यांनी एका रात्रीत दर बदलले. ज्यांनी दोन्ही ‘साबण’ म्हणून एकाच गटात ठेवले होते, त्यांना एकेक माल तपासत बसावं लागलं, आणि तेही नवरात्राच्या तोंडावर.

दीड-दोन हजार मालांची यादी असेल तर दोन माणसांना तीन आठवडे लागतात. आधी सगळ्यांत जास्त खपणारे ३०० माल घ्या. वर्षभरात एकदाही न विकलेले माल यादीतून बंद करा; पुसून मात्र टाकू नका, जुनी बिलं त्यांना जोडलेली असतात.

तिसरं काम: दुकानं आणि उधारी

कोणतंही ॲप तुमच्याकडून सहज घेऊ शकणार नाही अशी एकच गोष्ट तुमच्याकडे आहे: कोणत्या दुकानदाराला किती दिवस आणि किती रुपयांपर्यंत उधार द्यायचं, याचं तीस वर्षांचं ज्ञान. हे ज्ञान मालकाच्या आणि दिवाणजींच्या डोक्यात असतं. ते कागदावर उतरवणं हे या सहा महिन्यांतलं सगळ्यांत मोलाचं काम आहे, आणि ते दिवाणजींसोबत बसूनच होतं. रोज २५ दुकानं घ्या, प्रत्येकाबद्दल विचारा: उधारी किती दिवसांची, कमाल रक्कम किती, कोणत्या वारी पैसे देतात, व्यवहार कोण बघतं. गणपतीत मर्यादा वाढवायची का, शेतमालाचे पैसे हाती आल्यावरच देणारी दुकानं कोणती, हेही लिहा. सांगलीच्या हळदीच्या पट्ट्यातल्या दुकानाची वसुली आणि साखर कारखान्याच्या बिलावर चालणाऱ्या गावातली वसुली एकाच महिन्यात येत नाही. सगळ्यांना १४ दिवसांचा एकच नियम लावला की चांगली दुकानं दुखावतात.

दुकानाच्या नोंदीत जीएसटीआयएन (जीएसटीचा नोंदणी क्रमांक) असेल तर तो पोर्टलवर तपासा. १५ अक्षरं, महाराष्ट्राचा २७ ने आणि गोव्याचा ३० ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं पॅनची. सिंधुदुर्गातल्या पेढ्यांनी गोव्याच्या दुकानांचे क्रमांक विशेष बघावेत. राज्य चुकलं की कराचा प्रकारच चुकतो. दुकानाचं नकाशावरचं ठिकाण सेल्समनने दारात उभं राहून नोंदवायचं. व्हॉट्सॲपचा नंबर कोणाचा, मालकाचा की मुलाचा, हे विचारून आणि संदेश पाठवायची परवानगी घेऊन लिहा.

मग येते बाकी. नव्या प्रणालीत दुकानाची बाकी एकरकमी टाकायचा मोह होतो: ‘येणे २३,४५०’, झालं. असं केलंत की कोणतं बिल किती जुनं हे कायमचं हरवतं, आणि सगळी उधारी पहिल्या दिवसापासून ‘नवी’ दिसायला लागते. बाकी बिलवार टाका, बिलाच्या मूळ तारखेसह. त्याआधी दोन गोष्टी निस्तरा: बिलाला न जोडता नुसत्याच जमा केलेल्या रकमा, आणि द्यायचं कबूल केलेलं पण न दिलेलं डॅमेजचं क्रेडिट. दुकानदाराशी होणाऱ्या वादांचं मूळ बहुधा या दोनांतच असतं.

प्रत्येक दुकानाला बाकीचा कागद द्या आणि सही घ्या. आकडा पटला नाही तर वाद तिथेच मिटवा, थोडं सोडावं लागलं तरी. नव्या प्रणालीचा पहिला संदेशच चुकीच्या बाकीचा गेला, तर दुकानदार म्हणतो ‘यांच्या कॉम्प्युटरला काही कळत नाही’, आणि हे वाक्य पुसायला वर्ष जातं.

चौथं काम: गोडाऊन

रॅकला नंबर रंगवा, फूटभर मोठे, हमालाला लांबून वाचता येतील असे. आधी आलेला माल आधी काढायचा हा जुना नियम पुरेसा नाही. आधी मुदत संपणारा माल आधी निघाला पाहिजे. कंपनीच्या डेपोतून कधी कधी नंतर आलेल्या खेपेची मुदत आधीच्या खेपेपेक्षा कमी असते. मुदतीला ९० दिवस उरले की त्या पेटीवर पिवळी पट्टी, ४५ उरले की लाल. पिवळ्या पट्टीचा माल सेल्समनच्या रोजच्या यादीत सर्वांत वर आणा.

सगळा साठा वर्षातून एकदा मोजण्यापेक्षा रोज २० माल मोजा. अर्धा तास लागतो. फरक निघाला तर त्याच दिवशी कारण सापडतं, कारण कालचीच बिलं बघायची असतात. मार्चअखेरीला सापडलेल्या फरकाचं कारण कोणालाच सांगता येत नाही.

आणि क्रम उलटा करा: आधी माल काढा, मग बिल छापा. बहुतेक पेढ्यांत आधी बिल होतं, मग रॅकवर माल सापडत नाही, मग बिलावर पेनने खाडाखोड. ई-इनव्हॉइस लागू असलेल्या पेढीला हे महागात पडतं. २०१७-१८ पासून कोणत्याही एका आर्थिक वर्षात ५ कोटींच्या वर उलाढाल गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत दुकानाच्या प्रत्येक बिलाला पोर्टलवरून क्रमांक आणि क्यूआर लागतो. पुढे उलाढाल ५ कोटींखाली आली तरी सुटका नाही. तो क्रमांक २४ तासांच्या आतच रद्द करता येतो आणि नंतर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढावी लागते. रोज दहा क्रेडिट नोटा म्हणजे कारकुनाचा अर्धा दिवस गेला.

पाचवं काम: सॉफ्टवेअर निवडणं

इथे फार वेळ घालवू नका. हिशेबासाठी टॅली, मार्ग, बिझी यांपैकी जे पेढीवर आधीच आहे आणि ज्याची दुरुस्ती करणारा माणूस तुमच्याच गावात आहे, तेच ठेवा. खरी अडचण वेगळी असते: मोठी कंपनी स्वतःची डीएमएस (वितरकाची बिलं आणि साठा ठेवणारी प्रणाली) वापरायला लावते, त्यामुळे सहा कंपन्यांसाठी तीन-चार वेगवेगळ्या प्रणालींत बिलं होतात आणि एका दुकानाची एकत्र बाकी कुठेच दिसत नाही. म्हणून ऑर्डरच्या ॲपकडून एक गोष्ट आग्रहाने मागा: सगळ्या प्रणालींतली बिलं रोज रात्री एकत्र येऊन दुकानाची एकच बाकी सेल्समनच्या फोनवर दिसली पाहिजे.

विक्रेत्याला पैसे देण्याआधी तुमची २० खरी बिलं त्याच्यासमोर करून घ्या: स्कीमचं, दोन एमआरपींचं, अर्ध्या पेटीचं, मालपरतीचं. नेटवर्क नसलेल्या गावात ॲप ऑर्डर घेतं का, ते फोन विमान मोडवर टाकून बघा. घाटातल्या आणि डोंगरपट्ट्यातल्या लाइनवर, म्हणजे सेल्समनच्या फेरीच्या मार्गावर, याशिवाय चालतच नाही. आणि करारात लिहून घ्या की सगळा डेटा कधीही एक्सेलमध्ये काढता येईल, ॲप सोडल्यावरही. पेढी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. ती सोय बंद तर केलेली नाही ना, हेही बघा.

सहावं काम: सेल्समन

सगळं नीट असूनही बदल फसतो तो इथे. वीस वर्षं लाइनवर फिरलेल्या माणसाला फोन दिला की त्याला दोनच गोष्टी दिसतात: आपल्यावर पाळत आणि आपली गरज संपली. दुसरी भीती निराधार नाही. ऑर्डर लिहून आणणं एवढंच त्याचं काम असेल, तर ते काम खरंच दुकानदाराचं बोट करतं. म्हणून त्याचं काम बदलायचं, आणि ते त्याला आधी, समोर बसवून, स्पष्ट सांगायचं.

नवं काम असं: रोजचा ठरलेला माल दुकानदार स्वतः मागवील, सेल्समनने जायचं ते नवा माल ठेवायला, रॅकवरची मुदत बघायला, डॅमेज उचलायला, स्कीम समजावायला आणि वसुलीला. ॲपमधून आलेली ऑर्डरही त्याच्याच खात्यात धरा. ही एक ओळ विसरलात तर सेल्समन स्वतःच दुकानदाराला सांगतो, ‘ॲपवर टाकू नका, माल येत नाही.’ आणि तसं झालं तर चूक त्याची नाही, इन्सेन्टिव्ह ठरवणाऱ्याची आहे.

इन्सेन्टिव्ह नुसत्या विक्रीवर होता. आता तीन भागांत वाटा. एक भाग विक्रीवर, एक भाग एका बिलात किती वेगवेगळे माल गेले यावर, एक भाग मुदतीत आलेल्या वसुलीवर. नुसत्या विक्रीवर ठेवला की महिनाअखेरीला माल दुकानात कोंबला जातो आणि पुढच्या महिन्यात परत येतो. पहिले तीन महिने कोणाचंही उत्पन्न मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीखाली जाणार नाही, अशी लेखी हमी द्या. सेल्समन कुठे फिरतो हे दाखवणारी सोय पहिल्या दिवशी चालू करू नका. आधी त्याला फायदा दिसू द्या: दुकानात पोचण्याआधीच बाकी, मागच्या चार ऑर्डरी आणि शिल्लक साठा त्याच्या हातात. एखादा सेल्समन दुकानात उभा राहून म्हणतो, ‘अण्णा, मागच्या महिन्यात चहाच्या लड्या बारा घेतल्या होत्या, या वेळी आठच लिहिल्या,’ आणि अण्णा चार वाढवतात. असं एकदा झालं की फोन त्याचा होतो.

सुरुवात एका सेल्समनपासून करा, आणि तो सगळ्यांत तरुण नसावा. बाकीचे ज्याचं ऐकतात, तो घ्या. त्याला जमलं की बाकीच्यांना तोच शिकवतो.

दुकानदारांना ॲपवर आणायची घाई नको. पहिले दोन महिने व्हॉट्सॲप बिझनेस पुरतं: मालाचा कॅटलॉग, ऑर्डरला लेबल आणि ठरलेली उत्तरं. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ नंबर बसतात, पण संदेश फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय. म्हणून सेल्समनने दुकानात उभं राहून नंबर साठवून घ्यायचा. ऑर्डर बंद होण्याची वेळ एकच, समजा रात्री १०, आणि ती सर्वांना माहीत हवी. सकाळी ९ च्या आत उत्तर: काय येणार, काय नाही. ‘नाही’ लगेच कळलं तर दुकानदार चिडत नाही. टेम्पो आल्यावर कळलं तर चिडतो.

सातवं काम: पैसे

बिलावरच त्या रकमेचा क्यूआर छापा, पेढीच्या चालू खात्याचा. दुकानदाराला रक्कम टाइप करावी लागत नाही आणि जमा झालेले पैसे त्या बिलाला जोडले जातात. बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही. सेल्समनच्या खाजगी नंबरवर एक रुपयाही येता कामा नये. हा नियम पहिल्या दिवशी आणि सर्वांसमोर सांगा, म्हणजे कोणा एकावर संशय घेतल्यासारखं होत नाही.

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. टेम्पोवाल्याने, पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणारा डबा वाजल्याशिवाय किंवा पेढीवरून निरोप आल्याशिवाय, ‘मिळाले’ लिहायचं नाही. रोज सकाळी दहाला बँकेचं विवरण उघडून १२ आकडी संदर्भ क्रमांकाने कालच्या नोंदी जुळवा. एक दिवस राहिला तर वीस मिनिटांचं काम असतं. आठवडा राहिला तर जुळत नाही.

आठवं काम: बदलाचा दिवस

बहुतेकजण १ एप्रिल धरतात, कारण हिशेबाचं वर्ष नवं. पण मार्चअखेरीला कंपन्यांनी टार्गेटसाठी दिलेल्या मालाने गोडाऊन दारापर्यंत भरलेलं असतं आणि मोजणी धड होत नाही. दसरा ते दिवाळी तर विचारही करू नका. आषाढातला मंद काळ किंवा दिवाळीनंतरचा दुसरा आठवडा बरा. दुकानं भरलेली असतात, ऑर्डर कमी असते, माणसांना सवड असते. महिन्याचा दुसरा आठवडा घ्या, शेवटचा नको.

शनिवारी संध्याकाळी व्यवहार थांबवून रविवारी पूर्ण मोजणी करा. दोन जोड्या, एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, मोजणाऱ्याला संगणकातला आकडा दाखवायचा नाही. सोमवारपासून नवी पद्धत. जुनी वही सोबत चालवायची ती दोन आठवडेच. त्याहून लांबली तर लोक वहीच खरी मानतात आणि संगणकात रात्री उतरवून काढतात. पंधराव्या दिवशी जुन्या वह्या कपाटात बंद करून किल्ली मालकांकडे द्या. पहिल्या आठवड्यात चुका होणारच. बिलं रोजच्या ८० ऐवजी ५० झाली तरी चालतील असं मालकांनी आधीच म्हणून ठेवलेलं असावं.

नववं काम: मोठ्या मंचांशी नातं

पाया बसल्यावर, साधारण पाचव्या महिन्यात, हा प्रश्न घ्या. ओएनडीसी हे दुकान नसून, वेगवेगळ्या ॲपवरच्या विक्रेत्यांना आणि ग्राहकांना जोडणारं खुलं जाळं आहे, त्याची कंपनी डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झाली. त्यावर माल लावायला एखाद्या विक्रेता ॲपमार्फत जावं लागतं. पण आधी कंपनीशी केलेला करार वाचा. वितरकाला ठरलेल्या भागाबाहेर विकता येत नाही, असं कलम अनेक करारांत असतं, आणि ते मोडलं तर डीलरशिपच जाते. खाद्यपदार्थ असतील तर परवान्याचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक लागेल.

जास्त आशा दुसऱ्या बाजूला आहे. मसाले, लोणची, नाचणीची बिस्किटं, लाकडी घाण्याचं तेल करणारे छोटे ब्रँड ऑनलाइन नाव कमावतात, पण ८०० दुकानांत माल पोचवायची यंत्रणा त्यांच्याकडे नसते. ती तुमच्याकडे आहे, आणि आता कोणत्या दुकानात काय खपतं हे आकड्यांत दाखवताही येतं. मोठ्या कंपनीच्या मालावर साडेचार टक्के मिळत असतील तर इथे दहा-बाराची बोलणी होऊ शकतात.

एकावेळी दोनच ब्रँड घ्या. ६० निवडक दुकानं, ९० दिवस. ठरवताना चार गोष्टी कागदावर हव्यात: मुदत संपलेला माल ब्रँड पूर्ण किमतीने परत घेईल, पहिली खेप उधारीवर असेल, माल पोचताना टिकण्याची निदान दोन तृतीयांश मुदत शिल्लक असेल, आणि तुमच्या दुकानांना तो ब्रँड थेट माल देणार नाही. तीस दिवसांनी दुकानदाराने पहिला माल किती विकला यापेक्षा स्वतःहून दुसऱ्यांदा किती मागवला, ते बघा. ६० पैकी २० दुकानांनीही पुन्हा मागवला नाही, तर नव्वद दिवस थांबू नका. उरलेला माल परत करून दुसरा ब्रँड लावा.